टीका कामाला कशी लावावी : वक्त्यांसाठी आणि लेखकांसाठी

टीका खिलाडूपणे घ्यावी, असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात; ती तशी घ्यायची म्हणजे नेमके काय करायचे, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. परिणामी, चारचौघांत बोलणारा किंवा लिहिणारा माणूस बहुधा दोहोंपैकी एक वाट धरतो. एक तर तो वरवर हसून ‘सूचना लक्षात ठेवतो’ म्हणतो आणि मग रात्रभर मनातल्या मनात त्या टीकाकाराशी भांडत राहतो. नाही तर तो जागच्या जागी प्रत्युत्तर देतो आणि मूळ मुद्दा बाजूला राहून उखाळ्यापाखाळ्या सुरू होतात. या दोन्ही प्रकारांत पुढच्या भाषणात किंवा लेखात काडीचाही फरक पडत नाही, आणि टीकेचा उपयोग व्हायचा तर तो तिथेच व्हायला हवा. कातडी जाड असणे हा स्वभावाचा भाग झाला, तो सगळ्यांच्या वाट्याला येत नाही; पण आलेल्या शेऱ्याचे काय करायचे याची पद्धत कोणालाही बसवता येते. हा लेख त्या पद्धतीबद्दल आहे.

तिचा गाभा एका संशोधनातून चांगला समजतो. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी या दोन अभ्यासकांनी, कामाबद्दल मिळालेल्या अभिप्रायाचा पुढच्या कामगिरीवर काय परिणाम होतो यासंबंधीच्या आधीच्या प्रयोगांचा एकत्रित आढावा १९९६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात ६०७ परिणाम आणि २३,६६३ निरीक्षणे होती. सरासरी पाहता अभिप्रायामुळे काम सुधारते, असेच दिसले. मात्र एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी अभिप्राय मिळाल्यावर कामगिरी उलट खालावली होती. यामागचे त्यांचे स्पष्टीकरण असे, की अभिप्रायामुळे माणसाचे लक्ष हातातल्या कामावरून उठून स्वतःकडे वळले, म्हणजे ‘हे कसे सुधारावे’ याऐवजी ‘लोक मला काय समजत असतील’ याकडे गेले, की अभिप्रायाचा उपयोग घटत जातो. बोलणाऱ्या आणि लिहिणाऱ्या माणसाला हे विशेष लागू आहे, कारण त्याचे काम आणि त्याचा चेहरा, आवाज, नाव हे सगळे एकाच वेळी लोकांसमोर असते. पुढे सांगितलेल्या बहुतेक सगळ्या युक्त्यांचा उद्देश एकच आहे : शेरा कोणत्याही सुरात आलेला असो, लक्ष पुन्हा मजकुराकडे आणणे.

उत्तर लिहावे, पण पाठवू नये

टीका कानावर पडताच जे होते ते सर्वांच्या परिचयाचे आहे. कान तापतात, घशाला कोरड पडते आणि समोरच्याचे वाक्य पूर्ण होण्याआधीच आपले उत्तर तयार होऊ लागते. वीस जणांनी वाखाणले आणि एकाने नावे ठेवली, तरी अंथरुणाला पाठ टेकल्यावर आठवतो तो एकटाच. हा कोणाचा मानसिक कमकुवतपणा नव्हे. वाईट अनुभवाचा ठसा तितक्याच तोलाच्या चांगल्या अनुभवापेक्षा खोल उमटतो, हे रॉय बाउमाइस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये अनेक क्षेत्रांतले पुरावे एकत्र मांडून दाखवले आहे. काटाच जास्त वजन दाखवतो हे एकदा माहीत झाले, की आकडा वाचताना तेवढे वजा करता येते; टीका ऐकल्यानंतरच्या पहिल्या काही तासांतल्या आपल्या मताचेही असेच वजन करावे.

म्हणून पहिला नियम वेळेचा आहे. लेखी टीकेला त्याच दिवशी उत्तर देऊ नये. मन ऐकत नसेल तर उत्तर जरूर लिहावे, अगदी मनात असेल तितके झणझणीत लिहावे, पण ते कोऱ्या कागदावर किंवा अशा वेगळ्या फाइलमध्ये लिहावे की जिथे पाठवण्याचे बटणच नाही. ईमेलच्या मसुद्यात पत्ता भरून लिहिलेले उत्तर रात्री अकरा वाजता आपोआप गेल्यासारखे जाते. अब्राहम लिंकन यांचे एक पत्र या बाबतीत प्रसिद्ध आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या लढाईनंतर शत्रूची फौज नदी ओलांडून निसटली, तेव्हा त्यांनी १४ जुलै १८६३ रोजी सेनापती जॉर्ज मीड यांना आपली तीव्र नाराजी कळवणारे पत्र लिहिले. ते त्यांच्या कागदपत्रांत सापडले तेव्हा पाकिटावर त्यांच्याच हातची नोंद होती की, हे पत्र कधी पाठवले नाही आणि त्यावर सहीही केली नाही. इथे टीका करणारे लिंकनच होते, ही गोष्ट खरी. पण रागाला वाट करून द्यावी आणि त्याचा बोजा दुसऱ्याच्या दारात टाकू नये, ही रीत दोन्ही बाजूंना सारखीच उपयोगी पडते.

उत्तर लांबवावे, पण नोंद मात्र ताबडतोब करावी, आणि ती शब्दशः करावी. हे वाटते त्यापेक्षा महत्त्वाचे आहे. ‘मधला भाग जरा रेंगाळला’ असे कोणी म्हटलेले असते. दोन दिवसांत आपल्या आठवणीत त्याचे ‘भाषण फसले’ असे होते, आणि आठवड्याने ‘त्या माणसाला माझ्याबद्दल आकसच आहे’ असे होऊन बसते. याच्या उलटही घडते : गैरसोयीचा पण नेमका शेरा साफ विस्मरणात जातो. चार्ल्स डार्विन यांनी आपल्या आत्मचरित्रात सांगितले आहे की, आपल्या निष्कर्षांच्या विरोधात जाणारी वस्तुस्थिती किंवा विचार आढळला की तो लगेच टिपून ठेवायचा असा नियम त्यांनी अनेक वर्षे पाळला, कारण अनुकूल गोष्टींपेक्षा प्रतिकूल गोष्टी स्मरणातून लवकर निसटतात असा त्यांचा अनुभव होता. वहीचे एक पान राखून ठेवावे : तारीख, कुठल्या भाषणाबद्दल वा लेखाबद्दल, आणि समोरच्याचे वाक्य जसेच्या तसे. आपले मत त्या पानावर लिहू नये.

शेरा उकलून पाहावा

एक-दोन दिवसांनी ते पान उघडावे आणि प्रत्येक वाक्याला तीन प्रश्न विचारावेत. याने काय पाहिले? त्याचे कारण त्याने काय मानले? आणि उपाय काय सुचवला? सामान्य बोलण्यात या तिन्ही गोष्टी एकात एक मिसळलेल्या असतात, आणि त्यांची विश्वासार्हता सारखी नसते. वाचकाला कुठे कंटाळा आला हे त्याच्याइतके चांगले कोणी सांगू शकत नाही. ती जागा त्याने दाखवली की बहुतेक वेळा ती खरोखरच दुखरी निघते. कंटाळा कशामुळे आला हे सांगताना तो अंदाज करत असतो. उपाय सांगताना तर तो स्वतःच्या आवडीचा लेख आपल्याकडून लिहवून घेत असतो. त्यामुळे निरीक्षण जवळजवळ नेहमी स्वीकारावे, कारण तपासून पाहावे, आणि उपाय आपला आपण शोधावा.

एक उदाहरण जवळून पाहू. समजा, एका लेखावर वाचकाने लिहिले आहे : ‘नुसते शब्दांचे फुलोरे. उदाहरणांचा भडिमार केला आहे, ती निम्मी करा. शेवटपर्यंत काय म्हणायचे ते कळले नाही.’ पहिले वाक्य हा शेलका आहेर आहे. त्यातून फक्त लिहिणाऱ्याची चीड कळते, तेवढी समजून घेऊन ते बाजूला ठेवावे. ‘उदाहरणे निम्मी करा’ हा उपाय आहे. ‘काय म्हणायचे ते कळले नाही’ हे मात्र निखळ निरीक्षण आहे, आणि ते शेवटी आले आहे, कारण चिडलेला माणूस महत्त्वाची गोष्ट बऱ्याचदा सर्वांत शेवटी बोलतो. आता पेन्सिल घेऊन लेखात मुख्य विधान कोणत्या परिच्छेदात आले आहे ते शोधावे. ते पाचव्या परिच्छेदात सापडले आणि त्याआधी तीन उदाहरणे होऊन गेली, असे दिसले तर रोग कळला : उदाहरणे जास्त नव्हती, ती कशाची उदाहरणे आहेत हे वाचकाला आधी सांगितलेले नव्हते. विधान दुसऱ्या परिच्छेदात आणले की तीच उदाहरणे, एकही न गाळता, बोलू लागतात. वाचकाचा उपाय मानला असता तर दीड उदाहरण उरले असते आणि गोंधळ तसाच राहिला असता. वाचकाला मूर्ख ठरवले असते, तरीही तो तसाच राहिला असता.

भाषणाच्या बाबतीत हे काम अधिक अवघड असते, कारण बोललेले वाक्य पुन्हा उघडून पाहता येत नाही. म्हणून जे वारंवार बोलतात त्यांनी आपले बोलणे ध्वनिमुद्रित करण्याची सवय लावून घ्यावी, आणि शक्य असेल तर चित्रितही करावे. स्वतःचा आवाज ऐकणे सुरुवातीला नकोसे वाटते. तो आपल्याला परका वाटतो, कारण एरवी तो आपण आपल्या कवटीच्या हाडांमधूनही ऐकत असतो. हा नकोसेपणा काही वेळा ऐकल्यावर ओसरतो. चित्रफीत एकदा आवाज बंद करून पाहावी, म्हणजे हातवारे, येरझारा आणि कागदात खुपसलेली नजर दिसते. मग एकदा चित्र न पाहता नुसती ऐकावी, म्हणजे ‘म्हणजे’, ‘तर’, ‘आपलं हे’ यांची पेरणी ऐकू येते आणि वाक्याच्या शेवटी बुडणारा आवाजही कळतो. ‘तुम्ही फार भरभर बोलता’ असा शेरा आला असेल, तर भरभर म्हणजे सगळीकडेच, की फक्त आकडे आणि नावे सांगताना, हे मुद्रण ऐकल्याशिवाय ठरवता येत नाही. बहुतेकांच्या बाबतीत ते दुसरे असते, असे माझे मत आहे : पाठ असलेला भाग माणूस पळवतो, आणि श्रोत्याला तोच भाग नवा असतो.

शेरा इतका मोघम असेल की त्यातून काहीच निघत नाही, तर विचारावे. मात्र ‘म्हणजे काय म्हणायचंय तुम्हाला?’ असे विचारले की समोरचा बचावाचा पवित्रा घेतो. ‘तुमचे लक्ष कुठे उडाले ते आठवते का?’ किंवा ‘कोणते वाक्य दोनदा वाचावे लागले?’ अशा प्रश्नांना माणूस सरळ उत्तर देतो, कारण त्यात त्याला आपल्याबद्दल मत द्यायचे नसते, स्वतःचा अनुभव सांगायचा असतो. ज्याला खरोखर काही म्हणायचे आहे तो अशा प्रश्नाने सुखावतो. ज्याला नुसते टोचायचे होते तो गडबडतो, आणि दोघांतला फरक आपल्याला फुकटात कळतो.

कोणाचे किती मनावर घ्यावे

निंदकाचे घर शेजारी असावे, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो, पण तिचा अर्थ प्रत्येक निंदकाला घरात घ्यावे असा नाही. जो माणूस तुमच्या लेखात नसलेल्या विषयासाठी तुम्हाला दोष देतो, त्याला दुसरा लेख वाचायचा होता. त्याचे म्हणणे पुढच्या विषयासाठी टिपून ठेवावे आणि या लेखाला हात लावू नये. ज्याला तुमची भूमिकाच मान्य नाही, त्याने शैलीबद्दल केलेली तक्रार जपून घ्यावी, पण त्याने तर्कातली फट दाखवली असेल तर ती सर्वांत आधी तपासावी, कारण तुमच्याशी सहमत असलेला वाचक त्या फटीवरून नकळत उडी मारून पुढे गेलेला असतो. एकमेकांशी संबंध नसलेल्या तिघांनी एकाच जागेवर बोट ठेवले तर आवडीनिवडीचा प्रश्न उरत नाही, दोष तिथेच आहे. तथ्यांच्या बाबतीत मात्र संख्या मोजू नये. विषय जाणणाऱ्या एकाने ‘हे चुकीचे आहे’ म्हटले आणि शंभर जणांनी टाळ्या वाजवल्या, तर ऐकायचे त्या एकाचे.

खरा उपयोगी टीकाकार ओळखायचा कसा, याचा एक जुना नमुना प्लुटार्क या चरित्रकाराने नोंदवला आहे. अथेन्सचा डेमॉस्थेनीस हा पुढे प्राचीन ग्रीसमधला सर्वश्रेष्ठ वक्ता म्हणून ओळखला गेला, पण सुरुवातीला सभेत त्याची टर उडाली होती : आवाज क्षीण, उच्चार अस्पष्ट, दम अपुरा आणि वाक्ये लांबलचक. असाच एकदा तो खिन्न होऊन घरी परतत असताना सॅटिरस नावाचा नट त्याच्या मागोमाग गेला. त्याने सांत्वनही केले नाही आणि चुकांची यादीही वाचली नाही. एका नाटकातला उतारा त्याला म्हणायला सांगितला, आणि मग तोच उतारा स्वतः योग्य हावभावांसह म्हणून दाखवला. डेमॉस्थेनीसला तो उतारा अगदी वेगळाच वाटला. काय कमी आहे हे त्याला तेव्हा कळले आणि तो उच्चाराच्या व अभिनयाच्या अभ्यासाला लागला. तोंडात गारगोट्या धरून बोलण्याची त्याची गोष्ट जास्त प्रसिद्ध आहे, पण माझ्या मते शिकण्यासारखा प्रसंग हा आहे. सभेतले हसणे आणि नटाचे म्हणून दाखवणे, दोन्हींचा मथितार्थ एकच होता. एकातून नुसती लाज हाती आली, दुसऱ्यातून पुढची पायरी दिसली. तुमच्या ओळखीत असा कोणी असेल, तर दहा गोड बोलणाऱ्यांपेक्षा त्याला जपावे.

टीकेने खचून जाण्याची जी दंतकथा साहित्याच्या इतिहासात सर्वाधिक सांगितली जाते, ती जॉन कीट्स या इंग्रज कवीची आहे. १८१८ मध्ये त्याच्या दीर्घकाव्यावर नियतकालिकांतून कठोर टीका झाली आणि १८२१ मध्ये तो गेला. टीकेनेच त्याचा बळी घेतला, असे शेली आणि बायरन या त्याच्या समकालीनांनी काव्यातून पसरवले. वस्तुतः तो क्षयाने गेला. ऑक्टोबर १८१८ मधल्या एका पत्रात त्याने स्वतः लिहिले होते, की स्वतःच्या लेखनाची मी करतो ती परीक्षा मला या नियतकालिकांच्या टीकेपेक्षा कितीतरी अधिक वेदना देते. यातून कामाची गोष्ट अशी, की ज्याने आपल्या मजकुराचे दोष आधीच स्वतः मोजलेले असतात त्याला बाहेरची टीका अनपेक्षित राहत नाही. लेख पाठवण्यापूर्वी किंवा भाषणाला उभे राहण्यापूर्वी, त्यावर येऊ शकणारे सर्वांत कडक तीन आक्षेप स्वतः लिहून काढावेत. त्यातला एखादा दुरुस्त करता येतो, एखाद्याचे उत्तर मजकुरातच देता येते, आणि उरलेला निदान अचानक अंगावर येत नाही.

व्यासपीठावर असताना

लेखकाला दोन दिवस थांबता येते, वक्त्याला दोन सेकंदही जड जातात. आणि नेमके तेच दोन सेकंद त्याने घ्यायला हवेत. प्रश्नोत्तरांत कोणी तिखट बोलले की ओठ मिटून एक सावकाश श्वास सोडावा. श्रोत्यांना ही शांतता विचार केल्यासारखी दिसते. आपल्या आतली धडधड मात्र आपण समजतो तितकी बाहेर दिसत नाही, हे केनेथ सॅव्हिट्स्की आणि थॉमस गिलोविच यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून पुढे आले. इतकेच नव्हे, तर ज्या वक्त्यांना ही गोष्ट आधी समजावून सांगितली होती त्यांची भाषणे त्यांना स्वतःलाही आणि पाहणाऱ्यांनाही अधिक चांगली वाटली. तेव्हा हात थरथरत आहेत म्हणून माफी मागण्याच्या भानगडीत पडू नये. बहुतेकांच्या ते लक्षातच आलेले नसते.

श्वास सोडल्यावर आक्षेप आपल्या शब्दांत पुन्हा मांडावा : ‘म्हणजे आपला आक्षेप असा, की मी दिलेली आकडेवारी जुनी आहे आणि त्यामुळे निष्कर्ष टिकत नाही. बरोबर?’ याने मागच्या रांगेतल्यांना प्रश्न ऐकू येतो, आपल्याला वेळ मिळतो, आणि विचारणाऱ्याला आपले म्हणणे पोचल्याचे समाधान मिळते. अट एकच : आक्षेप त्याच्या मूळ ताकदीनिशी मांडावा. तो विनोदी करून मांडला की हशा मिळतो, पण सभागृहातल्या सुज्ञ माणसांचा आपल्यावरचा विश्वास तेवढ्याच वेगाने उतरतो. ‘प्रश्न फार चांगला आहे’ हे वाक्यही टाळावे. तिसऱ्यांदा ऐकल्यावर त्याला काही अर्थ उरत नाही.

मग उत्तर. आक्षेप बरोबर असेल तर तो थेट मान्य करावा, आणि मान्य केल्यावर त्याचा परिणाम किती ते सांगावे : ‘हा आकडा मी पुन्हा पडताळून आयोजकांमार्फत कळवीन. माझा पहिला मुद्दा त्यावर अवलंबून नाही; दुसरा मुद्दा मात्र आहे, आणि तो तूर्त तुम्ही राखून ठेवा.’ एवढे बोलणारा वक्ता लहान होत नाही. उलट ‘माझ्याकडे संदर्भ आहे, पण आत्ता आठवत नाही’ अशी सारवासारव करणाऱ्याकडे लोक संशयाने पाहू लागतात. ठाऊक नसेल तर ‘मला ठाऊक नाही’ हे तीन शब्द पुरतात. उत्तराची सुरुवात प्रश्नकर्त्याकडे पाहून करावी आणि मध्यावर नजर सभागृहाकडे न्यावी, शेवटचे वाक्य तर दुसऱ्याच बाजूला पाहून संपवावे. असे केले की दोघांची जुगलबंदी होत नाही आणि पुढचा हात वर येतो. नजर त्याच्यावरच खिळलेली राहिली तर तो पुन्हा बोलणार, हे ठरलेले.

प्रश्नाच्या नावाखाली स्वतःचेच भाषण सुरू करणारे गृहस्थ प्रत्येक सभेत असतात. त्यांना श्वास घेऊ द्यावा आणि त्या फटीत नम्रपणे म्हणावे, ‘आपल्या बोलण्यातला अमुक मुद्दा घेऊन मी उत्तर देतो.’ मुद्दाच नसेल तर ते काम सूत्रसंचालकाचे आहे, आणि ते त्याच्याकडे सोपवण्याचे कार्यक्रमापूर्वीच ठरवून ठेवावे. वक्त्याने स्वतः कोणाला खाली बसवू नये. माईक आपल्या हातात असतो, त्यामुळे आपला साधा टोमणाही समोरच्याला दुप्पट लागतो आणि सहानुभूती त्याच्याकडे जाते.

भाषण संपल्यावर मंचाच्या पायरीशी गाठून जे दोष सांगतात, त्यांचे त्या घडीला नीट ऐकून घेता येत नाही. डोके अजून व्यासपीठावरच असते. ‘हे मला विसरायचे नाही, दोन ओळींत लिहून पाठवाल का?’ अशी विनंती करावी.

छापून गेल्यानंतर

प्रसिद्ध झालेल्या मजकुरावरच्या टीकेला तीन परिस्थितींत उत्तर द्यावे : तथ्याची चूक निघाली असेल, आपल्या तोंडी आपण न केलेले विधान घातले गेले असेल, किंवा प्रामाणिक प्रश्न विचारला असेल. बाकी मतभेदाला उत्तर द्यायलाच हवे असे नाही. ‘मला लेख आवडला नाही’ या वाक्याचा प्रतिवाद होऊ शकत नाही, आणि तो करणारा लेखक केविलवाणा दिसतो.

चूक निघाली तर दुरुस्ती उघडपणे करावी. काय छापले होते, बरोबर काय आहे, आणि त्यामुळे लेखातल्या कोणत्या विधानावर परिणाम होतो, एवढे तीन-चार वाक्यांत सांगावे; ज्याने चूक दाखवली त्याची हरकत नसेल तर त्याचे आभार मानावेत. गुपचूप शब्द बदलून ठेवणे हा सर्वांत वाईट उपाय आहे, कारण जुन्या मजकुराचा स्क्रीनशॉट कोणाकडे तरी असतोच, आणि मग चुकीची चर्चा मागे पडून लपवाछपवीची सुरू होते. ‘कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास दिलगीर आहोत’ हे वाक्यही वापरू नये. त्यात चूक काय झाली हे नसते, ती कोणी केली हे नसते, आणि दुखावणाऱ्यापेक्षा दुखावला गेलेलाच अधिक हळवा होता असा आडून सुचवलेला ठपका मात्र असतो. दिलगिरी व्यक्त करायची तर कशाबद्दल, ते स्पष्ट लिहावे. आणि चूक झालेलीच नसेल, तर दडपणाखाली ती मान्य करणेही तितकेच खोटे आहे. अशा वेळी आपला आधार काय होता तो एकदा, शांतपणे, लिहावा आणि तिथे थांबावे.

गंभीर आक्षेपांचे उत्तर कधी कधी पुढच्या कामातूनच नीट देता येते. डार्विन यांचा जीवजातींच्या उगमाविषयीचा ग्रंथ १८५९ मध्ये आला. सेंट जॉर्ज मिव्हर्ट या प्राणिशास्त्रज्ञाने १८७१ मध्ये त्यावर सविस्तर आक्षेप घेतले, आणि १८७२ च्या सहाव्या आवृत्तीत डार्विन यांनी आक्षेपांचा परामर्श घेणारे एक स्वतंत्र प्रकरणच घातले. आक्षेप त्यांना झोंबले नव्हते असे नाही. पण उत्तर पुस्तकात गेल्यामुळे ते प्रत्येक नव्या वाचकापर्यंत पोचले.

शिवीगाळ, जात-धर्म-लिंग-रूप यांवरचे शेरे आणि धमक्या यांना टीका समजू नये आणि वरचे काहीही त्यांना लागू करू नये. त्यांतून शिकण्यासारखे काही शोधत बसणे हा निष्कारण मनस्ताप आहे. पुरावा जपावा, त्या व्यक्तीला ब्लॉक करावे, धमकी असेल तर पोलिसांकडे तक्रार द्यावी, आणि हल्ला मोठा असेल तर काही दिवस प्रतिक्रिया वाचण्याचे काम विश्वासातल्या दुसऱ्या माणसाकडे द्यावे. त्याने त्यातले कामाचे तेवढे निवडून आपल्याला सांगावे.

टीका आधी मागून घ्यावी

न मागता आलेली टीका पचवण्याचा सर्वांत खात्रीचा सराव म्हणजे नियमितपणे मागून घेतलेली टीका. १९२४ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या टोस्टमास्टर्स या वक्तृत्वसंस्थेच्या सभांत प्रत्येक तयार भाषणाला एक मूल्यमापक नेमलेला असतो. तो सगळ्यांसमोर दोन-तीन मिनिटांत काय जमले आणि काय सुधारावे हे सांगतो, आणि आणखी एक जण केवळ ‘अं’, ‘आँ’ मोजत बसलेला असतो. पहिल्यांदा हे ऐकताना अवघडल्यासारखे होते, पण दर वेळी सगळ्यांचेच होत असल्यामुळे कोणाला त्यात अपमान वाटेनासा होतो. आयोवा विद्यापीठाच्या १९३६ पासूनच्या लेखन कार्यशाळेने रूढ केलेल्या पद्धतीत, मजकुरावर चर्चा चालू असताना त्याच्या लेखकाने गप्प बसायचे असते. या प्रथेवर अलीकडे बरीच टीका झाली आहे आणि ती रास्तही आहे, कारण गप्प बसवलेल्या लेखकाची पार्श्वभूमीच चर्चा करणाऱ्यांना ठाऊक नसेल तर चर्चा भरकटते. तरीही पहिली दहा मिनिटे स्पष्टीकरण न देता ऐकण्याचा भाग उचलण्यासारखा आहे. मजकुराबरोबर आपण प्रत्येक वाचकाच्या घरी समजवायला जाणार नसतो.

अशा संस्थेची सोय नसेल तर दोन माणसे पुरतात : एक विषय जाणणारा, एक त्याबद्दल काहीच न जाणणारा. त्यांना ‘कसे वाटले?’ असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर ‘छान’ हेच येते. पहिल्याला विचारावे, ‘यातले कोणते विधान तू माझ्या जागी केले नसतेस?’ आणि दुसऱ्याच्या हाती मजकुराची प्रत देऊन सांगावे, की जिथे थांबावेसे वाटले तिथे समासात एक रेघ ओढ, कारण लिहू नकोस. त्या रेघांचे काय केले हे त्यांना नंतर आठवणीने कळवावे : ही सूचना घेतली, ही घेतली नाही आणि का घेतली नाही. न घेतलेल्या सूचनेचे कारण सांगताना आपला विचार किती पक्का आहे तेही तपासले जाते, आणि आपली मेहनत फुकट गेली नाही हे पाहिलेला माणूस पुढचा मसुदा वाचायला नाही म्हणत नाही.